ग्राफिक्स कार्डाचा आवाज कोणास ऐकूं येतो ?

विद्यार्थी आपल्या संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड निवडूं लागला म्हणजे तें किती वेगवान आहे, अमुक खेळांत सेकंदास किती चित्रें काढतें, याची चौकशी तो अगदीं कसून करितो. परंतु तें चालूं असतां किती आवाज करितें, हा प्रश्न त्याच्या मनांत बहुधा येतच नाहीं. यांत नवल नाहीं. ज्याच्या कानांवर हेडफोन चढलेला असतो त्यास पंख्याची घरघर ऐकूं येत नसते. ती ऐकूं येते त्याच खोलींत उद्यांच्या परीक्षेसाठीं वाचीत बसलेल्या बहिणीस, आणि पहांटे कामावर जावयाचें म्हणून दहा वाजतांच अंथरुणास पाठ टेकलेल्या वडिलांस. जो निवडतो त्यास ऐकावें लागत नाहीं, आणि ज्यांस ऐकावें लागतें (व बहुधा पैसेही भरावे लागतात) त्यांस कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें ही निवड करतांना पहिला विचार या न खेळणाऱ्या मंडळींचा झाला पाहिजे. आणि तसा तो केल्यानें खेळणाराचें फारसें कांहीं बुडतही नाहीं.

आवाजाचें मूळ शोधूं लागलें असतां तें विजेंत सांपडतें. कार्ड जेवढी वीज घेतें तिची अखेर उष्णताच होते. १५० वॅटचें कार्ड म्हणजे पेटींत ठेविलेली १५० वॅटची शेगडी, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ही उष्णता धातूच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यांत, म्हणजे हीटसिंकांत, पसरते व पंखे ती वाऱ्यानें बाहेर ढकलतात. पत्र्यांचा पसारा मोठा असेल तर पंख्यानें सावकाश फिरून भागतें. लहान असेल तर त्यास जीव तोडून फिरावें लागतें. आणि येथेंच गोम आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो. आणि १० डेसिबलची वाढ माणसाच्या कानास साधारणपणें दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. म्हणजे दुप्पट वाऱ्यासाठीं कानास जवळजवळ तिपटीचा भुर्दंड पडतो. २००३ सालीं एनव्हिडिया कंपनीचें जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा नांवाचें कार्ड बाजारांत आलें. त्याचा पंखा इतका कर्कश होता कीं त्याची जिकडे तिकडे थट्टा झाली, आणि अखेर खुद्द कंपनीनेंच त्या थट्टेंत सामील होऊन एक विनोदी चित्रफीत काढिली. विनोद कितीही चांगला असला तरी कार्ड विकत घेऊन बसलेल्यांस त्याचा काय उपयोग !

म्हणून दुकानांत पहिला प्रश्न 'किती वॅट ?' हा असावा. यांतील अंतर पाहून पालकांस आश्चर्य वाटेल. जानेवारी २०२५ मध्यें निघालेलें आरटीएक्स ५०९० हें कार्ड ५७५ वॅट खातें, व २०२२ चें ४०९० हें ४५०. उलट २०२३ चें ४०६० अवघ्या ११५ वॅटवर चालतें, मे २०२५ चें ५०६० हें १४५ वॅटवर, आणि आरटीएक्स ३०५० चें ६ जीबी मेमरीचें जें रूप फेब्रुवारी २०२४ मध्यें आलें तें तर ७० वॅटांत भागवितें. मदरबोर्डाच्या खांचेंतूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळत असल्यामुळें या शेवटच्या कार्डाच्या बहुतेक नमुन्यांस एसएमपीएसकडून निराळी तार आणावी लागत नाहीं. जुना संगणक असलेल्या घरास ही सोय मोठीच. सुटीच्या दिवशीं दोन तास क्रिकेटचा किंवा मोटारींचा खेळ खेळणाऱ्या मुलास, साध्या १०८० रेषांच्या पडद्यावर, ११५ ते १४५ वॅटांचें कार्ड पुरून उरतें. याहून मोठ्या कार्डाचा हट्ट धरणारे विद्यार्थी आम्हांस भेटतात. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, घरचा मॉनिटर कोणता ? उत्तर बहुधा ६० हर्ट्झचा असें येतें. असा पडदा सेकंदास ६० चित्रेंच दाखवूं शकतो. त्यांवर आणखी शंभर चित्रें कार्डानें काढिलीं तरी त्यांचा उपयोग बहुतांशीं खोली तापविण्याकडेच व्हावयाचा.

दुसरी गोष्ट पत्र्यांची. एकाच चिपवर निरनिराळ्या कंपन्या निरनिराळीं कार्डें बांधतात. आखूड, एका पंख्याचें कार्ड स्वस्त पडतें. तीच चिप लांबलचक हीटसिंकावर दोन-तीन पंख्यांखालीं बसविलेली थोडी महाग मिळते. वेगांत फरक नांवाला, आवाजांत मात्र पुष्कळ. वडिलांनीं हजार-दोन हजार अधिक द्यावयाचे असतील तर ते येथें द्यावे. रंगीबेरंगी दिव्यांसाठीं देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र लांब कार्ड घेण्यापूर्वीं कॅबिनेट आंतून मोजून पाहावें, नाहींतर झांकण कायमचें उघडें ठेवण्याची पाळी यावयाची. शिवाय काम हलकें असतां पंखे अजीबात थांबावे, अशी योजना २०१४ च्या सुमारापासून रूढ होत गेली आहे. ती आपण घेत असलेल्या कार्डांत आहे ना, हें विचारून घ्यावें.

आतां मॉडेलिंगविषयीं. खेळावर रुष्ट असलेले पालकही या कामाकडे कौतुकानें पाहतात, आणि तें योग्यच आहे. त्रिमिती आकृति घडविण्याचा ब्लेंडर हा प्रोग्राम सर्वांस फुकट मिळतो, आणि २००२ पासून त्याचा मूळ संकेतही सर्वांस खुला आहे. 'फ्लो' नांवाचा चित्रपट त्यावरच तयार झाला व मार्च २०२५ मध्यें त्यास सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचें ऑस्कर मिळालें. त्याचें अखेरचें रेंडरिंग शेंकडों यंत्रांच्या कारखान्यांत न होतां लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांच्या स्वतःच्या संगणकावर झालें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या कामाचा स्वभाव खेळाहून निराळा. खुर्ची किंवा पूल घडवीत बसलें असतां कार्ड बराच वेळ जवळजवळ स्वस्थ असतें व पंखेही पुष्कळदां थांबलेले राहतात. तें पूर्ण जोरानें चालतें तें रेंडर करतांना. येथें वेगापेक्षां मेमरीचा प्रश्न अधिक अवघड. वेग कमी असेल तर केवळ वाट पाहावी लागते. परंतु देखावा मेमरींत मावला नाहीं तर काम अडून तरी बसतें, किंवा अतिशय मंदावतें. म्हणून ज्याचें मन खरोखर मॉडेलिंगांत आहे त्याच्यासाठीं थोडे वॅट वाढले तरी पत्करावे व १२ किंवा १६ जीबी मेमरीचें कार्ड घ्यावें, असें आम्ही म्हणूं : २०२१ चें आरटीएक्स ३०६० (१२ जीबी, १७० वॅट) जुन्या बाजारांत चांगल्या स्थितींत मिळालें तर तें, नाहींतर २०२५ च्या ५०६० टीआयचें १६ जीबीचें रूप (१८० वॅट). एएमडीचें आरएक्स ९०६० एक्सटी हेंही १६ जीबींत निघालें आहे व खेळास उत्तम आहे. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरिंगांत मात्र एनव्हिडियाचीं कार्डें सामान्यतः पुढें असल्यामुळें आमचा कल तिकडे आहे. वाढलेल्या वॅटांची भरपाईही करतां येते. रेंडर दुपारीं घर रिकामें असतां लावून ठेवतां येतो. खेळ तसा लावून ठेवतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, पंखाच नसलेलें कार्ड कां घेऊं नये ? तसेंही मिळतें. पॅलिट कंपनीच्या काल्मएक्स मालिकेंतील ७० वॅटांच्या आरटीएक्स ३०५० वर केवळ हीटसिंक आहे. थंड मुलखांत तें नामी खरें. पण सोलापूर, जालना, नागपूर या बाजूस एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ३८-४० अंशांवर जाते, तेथें त्याचा सगळा भार कॅबिनेटच्या पंख्यांवर येऊन पडतो. आवाज एका पंख्याचा वांचवून दुसऱ्याचा वाढविण्यांत हंशील तें काय ? परदेशी परीक्षणांतील आंकडेही बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलींत घेतलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत तेंच कार्ड अधिक घरघर करील. तेवढ्यांत एक गोष्ट पथ्यावर पडते ती ही कीं, छताचा पंखा गरगरत असतां संगणकाचा आवाज त्यांत बुडून जातो. खरी कसोटी डिसेंबरांतील रात्रीं लागते.

कार्ड घरीं आल्यावरही आवाज उतरविण्याची किल्ली मुलाच्याच हातीं राहते. चिपचा वेग अगदीं टोकास नेण्यासाठीं विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी वीज त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. त्यामुळें शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट प्रोग्रामांतून विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणिली तर वेग त्या मानानें थोडाच उतरतो आणि पंखे निवळतात. खेळांत सेकंदास ६० चित्रांचीही मर्यादा घालावी. कार्डावरील तारेच्या वेटोळ्यांतून येणारी बारीक किरकिर पंख्याहूनही कानास टोचते, तीही यामुळें पुष्कळदां कमी होते. वर्षांतून दोनदां पत्र्यांतली धूळ काढणें हें तर सांगावयास नकोच.

परीक्षा मात्र घरींच घ्यावी, कारण रस्त्याच्या गजबजाटांत दुकानांतलें प्रत्येक कार्ड मुकेंच भासतें. रात्रीं नऊनंतर छताचा पंखा बंद करून, कॅबिनेटचें झांकण लावून, कार्ड अर्धा तास पूर्ण जोरानें चालवावें. आईस तिच्या नेहमींच्या जागीं बसवावें आणि विचारावें. ती 'होतो आवाज' असें म्हणाली तर विजेची मर्यादा पांच-पांच टक्क्यांनीं खालीं आणीत जावी, व जेथें ती 'आतां ठीक' म्हणेल तेथें थांबून तोच आंकडा कायम करावा.