बालपणाची भाषा कोणती ?

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या सुशिक्षित मराठी गृहस्थांत अलीकडे एक हळवेपणा बोकाळला आहे. चारजण जमले कीं दूरदर्शनवरील 'जायंट रोबॉट' आणि रविवारचा मोगली यांच्या आठवणी निघतात. या आठवणींस पोरकट म्हणून हिणवणारे कांहीं विद्वान आहेत. त्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. परंतु आठवणी काढणारांसही आमचा एक रोकडा सवाल आहे.

प्रथम हिणवणारांविषयीं. घड्याळांत बोलून प्रचंड यंत्रपुरुषास हुकूम सोडणारा तो जपानी मुलगा ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे आला. तें दशक लालबाग-परळास कसें गेलें, हें सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांतील यंत्रावरचा हात कायमचा रिकामा झाला. त्याच चाळींतील मुलें शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर दाटीनें बसून, एवढेंसें पोर आज्ञा करतें आणि यंत्र ती पाळतें, हें पाहत होतीं. अखेरीस तो यंत्रपुरुष आपण होऊन जगासाठीं स्वतःचा नाश ओढवून घेतो. यांत मुलांस कांहींच गवसलें नसेल, असें मानणारांस मूल कळलेंच नाहीं.

आतां आमचा सवाल. मोगलीचा जनक किपलिंग १८६५ सालीं मुंबईंतच, जे. जे. कलाशाळेंतील शिक्षकाच्या घरीं जन्मला. मोगलीचें सिवनीचें रान नागपूरच्या शेजारचें. १८९४ सालच्या त्या पुस्तकावरून जपान्यांनीं १९८९ मध्यें चित्रमालिका केली. पुढें नव्वदच्या दशकांत ती हिंदींतून गिरगांव-दादरच्या घराघरांत पोंचली, आणि शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकरांनीं. लेखक मुंबईंत जन्मलेला, रान शेजारचें, वाघाचा कंठही मराठी नटाचा. नव्हती ती फक्त मराठी भाषा!

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालेल्या मुंबई केंद्रानें 'किलबिल' दिलें, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों. पण एवढ्यानें भागतें काय ? मराठींत सामग्री नव्हती, ही सबब टिकत नाहीं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींत तर अस्सल मराठी यंत्रमानवच आहे. तरी आठवणींच्या मैफलींत वामनाचें नांव कोणी काढीत नाहीं. आवाज मिळत नव्हते म्हणावें, तर गिरगांवांत साहित्य संघ मंदिर आणि दादरास शिवाजी मंदिर असतांना नटांचा दुष्काळ पडला होता काय ?

खरें कारण आम्हां मध्यमवर्गीयांत आहे. आमचीं मुलें परभाषेंत रमतात, याचें आम्हांस दुःख नव्हतें. अंतरीं थोडें भूषणच होतें. मागणीच केली नाहीं, तर पुरवठा कोण करणार ? गिरणगांवांतील मुलास मात्र ही निवड करावयाची सोयच नव्हती. शेजाऱ्याच्या दारीं जें लागे तें त्यानें पाहिलें.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात दर्जा दिला आणि आम्हीं सर्वांनीं आनंद केला. दर्जा दोन हजार वर्षांच्या भूतकाळास मिळाला. आज सात वर्षांचें मूल मराठींत काय पाहील, या प्रश्नाचें उत्तर त्या दर्जांत नाहीं. तें 'जायंट रोबॉट' आठवून उसासणाऱ्या पिढीनेंच द्यावयाचें आहे. कारण आतां पैसा, यंत्रें आणि अधिकार तिच्या हातीं आहेत.