आवडता गेम नकोसा का होतो?

मुले गेमपुढून उठत नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. हल्ली वस्तीत फिरताना आमच्या कानावर तिच्या अगदी उलटी तक्रार येते. "बोनसच्या पैशातून मशीन घेऊन दिले. दरवर्षी नव्या डिस्कसाठी हट्ट करायचा. आता वर्ष झाले, कपाटावर धूळ खात पडले आहे." असे सांगणारा बाप रागावलेला असतो. आई म्हणते, "याचे मेल्याचे कशातच मन लागत नाही." मुलगा मान खाली घालून ऐकून घेतो. एवढ्यावरून बापलेकांत अबोला धरल्याचेही आम्ही पाहिले आहे. म्हणून आज हा विषय.

फुटबॉलच्या 'फिफा' या गेमचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने त्याचा पहिला भाग 1993 च्या डिसेंबरात काढला. पुढे दरवर्षी एक नवा भाग येत राहिला. 2022 सालचा 'फिफा 23' हा त्या नावाचा शेवटचा. जागतिक फुटबॉल संघटनेबरोबरचा नावाचा करार संपला आणि 2023 पासून तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येऊ लागला. आमच्याकडे ज्यांनी पायाने कधी चेंडू मारला नाही अशा मुलांनाही या गेममुळे युरोपातल्या क्लबांची नावे तोंडपाठ झाली. कारण सोपे होते. दोन रिमोट, चार मित्र, आणि हरेल त्याने उठायचे.

मग गोडी गेली कुठे? आम्ही मुलांनाच विचारले. एक जण म्हणाला, "काका, दरवर्षी तेच असतं. फक्त कपडे बदलतात." हे आम्हाला आधी पोराचे निमित्त वाटेल, पण त्यात तथ्य आहे. निन्टेंडोच्या 'स्विच' मशीनसाठी 2019 साली 'फिफा 20' आला, तो 'लेगसी एडिशन' म्हणून. खेळ आदल्या वर्षीचाच, फक्त संघ, खेळाडू आणि जर्सी नव्या, हे कंपनीनेच सांगितले होते. त्या मशीनवर पुढचे तीन भागही तसेच आले. नव्या डिस्कला तीन-चार हजार रुपये मोजायचे आणि घरी यादी तेवढी नवी आणायची, हा व्यवहार मुलांना कळत नाही असे समजू नये.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि पालकांनी ते नीट समजून घ्यावे. 2009 पासून या गेममध्ये 'अल्टिमेट टीम' नावाचा प्रकार आहे. त्यात खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे उघडून आपला संघ बांधायचा. पाकिटासाठी लागणारी नाणी खेळून मिळवता येतात, किंवा खरे पैसे भरून पॉइंट घेता येतात. आत मोठा खेळाडू निघेल की फुटकळ, हे आधी कळत नाही. शिवाय वर्षभर जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 साली अशी पैशाची पाकिटे जुगारात मोडतात असे ठरवले, आणि 2019 च्या जानेवारीत कंपनीला तिथे पॉइंट विकणे बंद करावे लागले. लॉटरीच्या तिकिटापायी घरे कशी पोखरतात हे आमच्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरे कारण वेळेचे. 2016 साली आलेल्या 'फिफा 17' मध्ये शनिवार-रविवारची एक स्पर्धा सुरू झाली. पात्र ठरलेल्याला त्या दोन-तीन दिवसांत 40 सामने खेळता येत. जितके जास्त जिंकाल तितके मोठे बक्षीस. एक सामना पाव तासाचा धरला तरी 10 तास झाले. आठवडाभर शाळा-कॉलेज किंवा कामावरची पाळी करून सुट्टीत पुन्हा 10 तासांची हजेरी! एका मुलाने आम्हाला नेमका शब्द सांगितला, "ड्यूटी." खेळाची ड्यूटी झाली की मन उठणारच. त्यात मित्र पांगलेले असतात. एक आयटीआयला, एक कुरिअरच्या गाडीवर, एक रात्रपाळीला. दुसरा रिमोट धरायला कोणी उरत नाही.

याच कंपनीच्या दुसऱ्या गेमची गोष्ट याच्या उलट आहे. 'क्रिकेट 07' हा 2006 च्या नोव्हेंबरात आला आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटची मालिकाच बंद केली. तरी आपल्याकडे सायबर कॅफेत आणि जुन्या कॉम्प्युटरवर तो कितीतरी वर्षे चालला. अनेक संघांतील खेळाडूंची खरी नावे त्यात नव्हती. हौशी मुलांनी ती दुरुस्त केली, पुढे आयपीएलचे संघही त्यात बसवले आणि एकमेकांना फुकट वाटले. नवा भाग आला नाही म्हणून गोडी कमी झाली नाही. तेव्हा आजकालची मुले धरसोड करतात, त्यांना सतत नवे लागते, हे बोलणे पुरते खरे नाही.

आम्ही हिशेबाच्या वहीत डोके घालणारी माणसे. वहीत घसारा नावाची एक बाब असते. वस्तू वापरली की तिची किंमत दरवर्षी कमी होते. बोनसच्या पैशाने आणलेल्या मशीनवर मुलगा चार वर्षे खेळला, मित्र घरी आले, पोरगा बाहेर भटकला नाही. तेव्हा तो पैसा वसूल झाला. आता "एवढे पैसे घातलेत, खेळ!" म्हणून त्याला बळेच बसवू नये. "नवा भाग घेतला की पुन्हा खेळेल" म्हणून आणखी पैसाही घालू नये. मशीन चालू स्थितीत आहे तोवर विकून टाकावे. जुन्या डिस्कला तर नवा भाग आला की भाव राहत नाही.

मात्र एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी. मुलाने फक्त गेम सोडला असेल तर काळजी नको. तो मोठा होत आहे. पण गेमबरोबर मित्र सोडले, जेवण कमी झाले, रात्रीची झोप गेली, कशातच रस उरला नाही आणि हे दोन-तीन आठवडे टिकले, तर ते दुखणे गेमचे नव्हे. त्याला टोमणे मारू नयेत. शेजारी बसून विचारावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर फुकट आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

दोहोंतला फरक ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. मुलाशी रोज चार शब्द बोलणारे घर लागते. आज रात्री जेवताना त्याला विचारून पाहा, "का रे, त्या गेममध्ये आता मजा का येत नाही?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.