गोवर गेला म्हणून निर्धास्त राहू नका

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर आजच त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाच्या, म्हणजे 'एमआर' लशीच्या दोन नोंदी त्यावर हव्यात: पहिली नऊ ते बारा महिन्यांतली, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांतली. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो.

गोवर दिसतो अंगावर, पण शिरतो श्वासातून. रुग्ण खोकून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहतो. आजारी हजार मुलांमागे साधारण एकाच्या मेंदूला तेव्हाच सूज येते. पण त्याहून क्रूर प्रकार पुढचा आहे. काही मोजक्या मुलांच्या मेंदूत हा विषाणू वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मूल बरं होतं, शाळेत जाऊ लागतं. आणि सहा-आठ-दहा वर्षांनी त्याचं अक्षर बिघडतं, पाठ असलेले पाढे आठवेनासे होतात. अभ्यासात लक्ष नाही म्हणून ते बोलणी खातं. मग जेवताना हाताला अचानक झटका बसतो, घास सांडतो. चालता चालता ते कोसळतं. पुढे बोलणं थांबतं आणि मूल अंथरुणाला खिळतं. याला डॉक्टर 'एसएसपीई' म्हणतात. तो पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. बहुतेक मुलं काही वर्षांतच दगावतात. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका अधिक.

म्हणून 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असं कृपा करून म्हणू नका. 2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ पसरली, लेकरं गेली. लशीनंतर काहींना ताप येतो, तो ओसरतो. लशीमुळे एसएसपीई होत नाही. उलट त्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट आपल्या हातात आहे.

ताप, खोकला, लाल डोळे आणि पुरळ दिसलं तर कडुलिंबाच्या पाल्यावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस विचारून घ्या, आणि लशीचं वय न झालेल्या तान्ह्या बाळांपासून त्या मुलाला दूर ठेवा. झटके आले किंवा मूल गुंगीत गेलं, तर तडक रुग्णालय गाठा.

ऊसतोडीला, वीटभट्टीला निघालेल्या आयाबापांनो, कार्ड गावी राहिलं तरी अडून बसू नका. मुक्काम असेल तिथल्या आशाताईंना गाठा आणि डोस कुठे, कधी मिळेल ते विचारून मुलाला तिथे न्या.