लाईक मोजून मान देऊ नका



आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर सगळ्यांच्या जास्त उपयोगी पडणाऱ्या सभासदाचा १ ऑगस्टला, मासेमारी बंदी उठताना, सत्कार करावा अशी सूचना आली आहे. सूचना चांगली आहे. पण निवड कशी करायची? काहीजण म्हणतात, मेसेज मोजा, लाईक मोजा, ज्याचे जास्त तो पहिला. हे आम्हाला पटत नाही.

ज्याला बक्षीस लावाल तेच वाढतं. २०२० साली ‘हॅक्टोबरफेस्ट’ या कार्यक्रमात असंच झालं. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारे लोक एकमेकांच्या खुल्या कामात दुरुस्त्या सुचवतात. ऑक्टोबरात अशा ४ दुरुस्त्या पाठवणाऱ्यांसाठी टी-शर्ट ठेवले होते. मग काय, टी-शर्टसाठी लोकांनी एखाददुसरा शब्द घुसवून बिनकामाच्या दुरुस्त्यांचा ढीग लावला. काम सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले.

आता आपला ग्रुप बघा. मोठ्या इसवणाचा फोटो टाकला की लाईकचा पाऊस. पहाटे कुणी लिहितो, ‘अमुक ठिकाणी बुडालेल्या बोटीचा सांगाडा आहे, जाळी सांभाळा’, त्याला दोन अंगठे. जाळं मात्र त्या दुसऱ्या मेसेजमुळे वाचतं. नुसती मोजणी केली तर जुन्या वादळाचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून पुढे ढकलणारा वर जाईल. हवामान खात्याचा इशारा तपासून मगच टाकणारा खाली राहील. समुद्रात असलेल्या माणसाला यातलं कोण हवं, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट भिडेची. ईबे या खरेदी-विक्रीच्या साईटवर घेणारा आणि विकणारा एकमेकांना शेरा देत. माल खराब निघाला तरी घेणारा पुष्कळदा गप्प बसे. आपण वाईट लिहिलं तर समोरचाही आपल्याबद्दल वाईट लिहील, ही धास्ती. म्हणून २००८ साली ईबेने विकणाऱ्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. ही धास्ती आपल्याला नवी नाही. ज्याच्याकडून डिझेल-बर्फासाठी उचल घेतली, त्याच्या वजनकाट्याबद्दल उघड कोण बोलणार? खलाशी मालकाला सोडून दुसऱ्याला लाईक देईल का? उघड लाईकवर निवड केली तर भिडेचे लाईकच जास्त पडतील.

काही ठिकाणी यावर विचार झालेला आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या साईटवर एका दिवसात लोकांच्या मतांतून मिळणाऱ्या गुणांना २०० ची मर्यादा ठेवली. दुसऱ्याच्या उत्तराला उलटं मत दिलं तर देणाऱ्याचाही १ गुण जातो. म्हणजे उगाच कुणी कुणाचे पाय ओढू नयेत.

आमचं म्हणणं असं:

१) मान उपयोगाला द्यावा. ज्याचं जाळं वाचलं, ज्याला बरा दर मिळाला, त्याने स्वतः नाव सुचवावं आणि काय फायदा झाला ते एका ओळीत लिहावं.

२) मत चिठ्ठीने, सोसायटीतल्या पेटीत. बोटमालकांइतकंच खलाशांना आणि मासळी विकणाऱ्या भगिनींनाही. बाजारातला खरा दर त्याच कळवतात.

३) दर हंगामाला पाटी कोरी. एकदा मान मिळाला म्हणजे कायमची खुर्ची नव्हे.

४) चुकीची माहिती दिल्याचा ठपका आला तर आधी त्या माणसाचं ऐकावं. आपली चूक आपणहून दुरुस्त करणाऱ्याला शिक्षा नको, नाहीतर उद्या धोक्याची शंका आली तरी कुणी बोलणार नाही.

कुणी म्हणेल, लाईक मोजणं सोपं, त्यात वशिल्याचा आरोप होत नाही. खरं आहे. पण मासळी घेताना आपण नुसत्या टोपल्या मोजतो का? वरचा थर बाजूला करून खाली काय आहे ते बघतोच ना! रापणीतही दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, काठावर उभं राहून ओरडणाऱ्याला नाही.

सत्काराचा नारळ एकालाच मिळेल. पण तो कसा दिला हे बघूनच पुढच्या हंगामात बाकीचे ठरवतील, खडक दिसला तर कळवायचं की गप्प बसायचं.

तुमचं मत खाली लिहा. उघड लिहायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी सोसायटीत आणून द्या.