शब्दयाद्या आणि डिकन्सचा घोडा

चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीत सुरुवातीलाच एक वर्ग भरलेला आहे. शाळा चालवणारा ग्रॅडग्राइंड सिसी ज्यूप या मुलीला घोड्याची व्याख्या विचारतो. बाप सर्कशीतला, मुलगी घोड्यांतच वाढलेली. पण तिला उत्तर देता येत नाही. मग बिट्झर हा मुलगा चतुष्पाद, तृणभक्षी, दात अमुक इतके, असे घडाघडा म्हणून दाखवतो आणि ग्रॅडग्राइंडच्या लेखी घोडा या विषयाचा निकाल लागतो. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी आपली मुले आज ज्या याद्या पाठ करतात, त्यांतून असे बिट्झरच तयार होतात.

त्यापेक्षा अभिजात कादंबऱ्या वाचाव्यात, असे म्हटले की यादीवाले म्हणतात, त्यांची भाषा शिळी झाली. त्यातले थोडे खरे आहे. जेन ऑस्टिनच्या काळातल्या घोडागाड्यांची नावे आज कोणाच्या कामाची नाहीत. ती खुशाल सोडून द्यावीत. पण ‘कंडेसेन्शन’ हा शब्द घ्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) कॉलिन्स हा पाद्री आपली आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्या अंगी हा गुण आहे म्हणून तिचे गोडवे गातो; आज हाच शब्द तुच्छतेने वागणाऱ्याला लावतात. मोठ्या माणसाने खाली उतरून बोलणे तेव्हा कृपा वाटे, आज ते टोचते. ज्याने ही कादंबरी वाचली, त्याला शब्दाची दोन्ही टोके कळतात. यादी पाठ करणाऱ्याच्या हाती फक्त आजचे टोक लागते, आणि तेही ज्या प्रसंगात ते बोचते तो प्रसंग वगळून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये दाखवले की, कोणाच्याही मदतीवाचून इंग्रजी कादंबरी वाचायची तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) ठाऊक असावी लागतात. मग ज्याच्याकडे तेवढी पुंजी नाही, त्याने काय करावे? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी जॉर्ज एलियट देणे हा अन्यायच. परंतु अभिजात म्हणजे केवळ अवघड असे कोणी ठरवले? स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ आधी मुलांच्याच साप्ताहिकात क्रमशः आली होती. तिथून सुरुवात करता येते.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतात, तिथे यादी कामाला येते, हे मान्य. पण परदेशी शिक्षणासाठी आपली मुले जी जीआरई देतात, तिने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढूनच टाकले. आता तिथे पूर्ण वाक्य, पूर्ण परिच्छेद समोर ठेवतात.

आणि या याद्यांतले अर्थ मुळात आले कुठून? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ चा आपला कोश रचला तो पुस्तके वाचून, त्यांतल्या ओळींवर खुणा करून. सुमारे बेचाळीस हजार शब्दांच्या त्या कोशात अर्थाच्या पुष्ट्यर्थ शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन साक्षीला उभे आहेत. पुढे ऑक्सफर्डचा महाकोशही असंख्य वाचकांनी पाठवलेल्या अवतरणांवरच उभा राहिला. शब्दाचा अर्थ ठरला तो लेखकांच्या वापरातून. आपल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त याच जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. त्यांच्या पिढीने इंग्रजी कमावले ते असे लेखक मुळातून वाचून.

तरीही यादीवाल्यांची एक गोष्ट कबूल करायला हवी. दुर्मीळ शब्द एका कादंबरीत एकदाच भेटतो आणि विसरला जातो. यावर उपाय म्हणजे लेखक न बदलणे. प्रत्येक लेखकाचे काही लाडके शब्द असतात. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ‘मॉर्टिफिकेशन’, ‘सिव्हिलिटी’, ‘प्रोप्रायटी’ पुनःपुन्हा येतात; दरवेळी माणूस वेगळा, लाज वेगळी, घर वेगळे. तिसऱ्या कादंबरीपर्यंत ते शब्द कोशात न पाहताही कळू लागतात. म्हणून दहा लेखकांची दहा पुस्तके चाळण्यापेक्षा एकाच लेखकाची तीन वाचावीत. पहिल्या वाचनात कोश लांब ठेवावा, अडले तरी पुढे जावे; दुसऱ्या वाचनात जे शब्द पुन्हा अडवतील तेवढेच त्या त्या वाक्यासकट वहीत उतरवावेत. अशी स्वतः केलेली यादी मात्र जरूर पाठ करावी.