अंकामागचा अर्थ

वर्सोवा–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी धावू लागली. अशा प्रकल्पांच्या कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावे कोरली जातात. पोलादी सांगाडे सांधणारा वेल्डर मात्र अनामच राहतो. त्याच्या हाती आता इन्व्हर्टर यंत्र आले आहे. जुना ट्रान्सफॉर्मर बिघडण्यापूर्वी गुरगुरत असे. नवे यंत्र मुकाट्याने थांबते आणि पडद्यावर एक सांकेतिक अंक दाखविते. त्याचा अर्थ इंग्रजी पुस्तिकेत, आणि पुस्तिका मालकाच्या कपाटात!

कंपनी बदलली की अंकांचे अर्थ बदलतात. कारणे मात्र मोजकीच. ६० टक्के क्षमतेचे यंत्र ठरलेल्या प्रवाहावर दहा मिनिटांत सहाच मिनिटे चालवावयाचे, तेही ४० अंश तापमान गृहीत धरून. पत्र्याच्या शेडमध्ये, धुळीने जाळी कोंदलेली असताना हा हिशेब कोलमडतो. लांबलचक केबलमुळे विद्युतदाब घटतो. किनाऱ्यावरची खारी हवा जोडांना गंज चढविते. कारण न शोधता यंत्र बंद-चालू करीत राहणे म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! अर्धवट माहितीवर झाकण उघडणे तर जिवावर बेतू शकते. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा दिला. हा गौरव ग्रंथालयापुरताच राहावा काय? प्रत्येक यंत्रावर मराठी संकेततक्ता लागावा आणि आयटीआयमधील ‘संधाता’ अंकामागचे कारण शोधण्यास शिकावा. श्रमाला ज्ञानाची जोड मिळाली, तरच कारागिराला प्रतिष्ठा लाभेल.