गाडीतला सिराज

गाडी माझी, फोन माझा, ब्लूटूथवर लावलेली गाणीही माझ्याच पसंतीची. तरी शेजारच्या सीटवरून फर्माईश कमी, फतवेच जास्त. आबिदा परवीन लावली की सोबतचे गृहस्थ म्हणणार, "हे पाकिस्तानी काय लावलंय?" गायिका सिंधची, कबूल. पण ती गाते ती गझल सिराज औरंगाबादीची आहे, १८व्या शतकात याच शहरात जगलेल्या आणि याच मातीत गेलेल्या शायराची. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं म्हणून त्याचं तखल्लुस परकं झालं का? 'बाजार' (१९८२) मधली भूपिंदरची गझल हेच गृहस्थ डोळे मिटून ऐकतात. ती लिहिणारे बशर नवाज इथलेच, हे मात्र त्यांच्या गावीही नसतं.

आता आपली माणसं. चुलतभाऊ गाडीत बसला की सुरू, "भाईजान, मौसिकी हराम आहे, तिलावत लावा." तिलावत मीही ऐकतो, घरी, शांत बसून. क्रांती चौकात हॉर्न मारत, पुढच्या रिक्षावाल्याला शिव्या देत ती वाजवणं मला बेअदबी वाटते. आणि हराम म्हणणारे हेच लोक उरुसाला खुलताबादला जातात. तिथे निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब आहेत, समा ज्यांना जिवापाड प्रिय होता. दरबारातलं गाणं बंद करणारा औरंगजेबही तिथेच आहे, त्यांचेच मुरीद झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात. ती जागा त्याने स्वतःहून मागितली होती.